तुम्ही विचारलंत म्हणून: आईकडे का नाही गेलो

लग्नात विचारता, तेरवीत विचारता, पोळ्याला बैलाच्या शिंगाले बेगड लावता लावता विचारता. परवा तर दाखला न्यायला आलेल्या एका पालकानं व्हरांड्यातच विचारलं, "सर, तुमचे मायबाप वेगळे झाले तवा तुम्ही मायकडे काऊन नाही गेले जी?" आता शेवटी जी लावलं की धड रागावता पण येत नाही. मी हसलो आणि घंटा झाली म्हणून वर्गात गेलो, घंटा झाली नव्हती.

विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतंच, तेच जास्त लागतं. "सायकलीसाठी गेला पोट्टा बापाकडे." अख्ख्या नातेवाईकात हे वाक्य वीस वर्षं फिरून राहिलं. म्हणून एकदाच लिहितो. फारकत का झाली, कोणी हात उचलला, दागिने कोणाकडे राहिले हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते नाही लिहीत.

साल २००६. त्याच वर्षी पंतप्रधान विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले होते, टीव्हीवर रोज यवतमाळचं नाव, आणि आमच्या गावात दोन घरं अशी होती की जिथं बाप गेला होता. तुम्हाला सांगायला नको कसा गेला ते. आम्ही पोरं त्या घरांसमोरून जाताना खेळणं बंद करायचो, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मी दहा वर्षांचा, पऱ्हाटी गुडघ्याएवढी झालेली, फवारणीचे दिवस. दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख होती आणि साहेब पोराला स्वतः विचारणार असं वकिलानं सांगून ठेवलं होतं.

रात्री आजीनं मला ओसरीत बसवून डोक्याला तेल लावलं. एरवी कधी लावत नव्हती. तेल लावता लावता हळूच म्हणाली, "बाबू, उद्या तू मायचं नाव घेतलं तं तुहा बाप राहात नाही. त्या खालच्या आळीतल्या घरचं पाहिलं ना? तसंच होते. आन हे कोणापाशी बोलू नको." एवढंच. मग वाटी उचलून आत गेली, मी तेलकट डोक्यानं बसून राहिलो आणि गोठ्यातल्या फळीवर फवारणीच्या औषधाचा डबा होता तिकडे पाहात होतो, तो तिथं कायमच असायचा, पण त्या रात्री पहिल्यांदा दिसला.

आजी वाईट होती असं नाही. आता ती नाही, म्हणून तिच्यावर ढकलतोय असंही कोणी म्हणेल. तिला खरंच भीती असेल, पोटचा पोरगा होता तिचा, कर्ज होतं, बायको गेलेली, मनानं खचलेला. पण तिनं तिची भीती माझ्या डोक्यात चोळली तेलासारखी आणि झोपायला गेली, हे पण तितकंच खरं आहे.

कोर्टात सकाळपासून बसलो होतो. बाहेर कडुनिंबाखाली टायपिंगवाले, स्टॅम्पपेपरवाले, एका बाजूला बाबा आणि आजी, दुसऱ्या बाजूला आई आणि मामा, आणि मी मधे पाण्याच्या टाकीजवळ, कारण कोणाकडे बसलो तर दुसऱ्याला वाटेल की ठरलं याचं. आईनं डबा आणला होता, कापडात बांधलेला. कणकेचा शिरा. तिनं तो सोडून माझ्यासमोर धरला आणि मी आजीकडे पाहिलं, आजी माझ्याकडेच पाहात होती, मी म्हटलं भूक नाही. भूक होती. सकाळी चहापोळी खाऊन निघालो होतो आणि आता दुपार झाली होती.

मग शिपायानं नाव पुकारलं. साहेबांच्या खोलीत मी एकटाच. साहेब चांगले होते, खरंच. कितव्या वर्गात, कोणता विषय आवडतो, शाळेत खिचडी मिळते का. मी म्हटलं मिळते, पण कधीकधी कच्ची राहाते. ते हसले. मग विचारलं, "तुला कोणाजवळ राहायला आवडेल बाळा?"

मी म्हटलं, बाबाजवळ.

"का बरं?"

याची तयारी कोणीच करून घेतली नव्हती. काय सांगायचं? खरं कारण बोलायचं नव्हतं. बाबानं महिन्याभरापूर्वी एक जुनी सायकल आणली होती, कोणीतरी विकलेली, सीटला चिंधी गुंडाळलेली, ती डोळ्यासमोर आली आणि मी म्हटलं, "बाबानं सायकल घेऊन दिली म्हणून." साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

म्हणजे सायकलीची गोष्ट तुम्ही बनवलेली नाही, आजीनं पण नाही. मीच बनवली. बाहेर आल्यावर थोड्या वेळानं वकील आईला म्हणाला, "सायकल भारी पडली ताई तुम्हाला." मी पाच हातांवर उभा होतो. आई काही बोलली नाही, तिनं डब्याच्या कापडाची गाठ पुन्हा बांधली, एकदा बांधली, सुटली नव्हती तरी सोडून परत बांधली.

आता प्रामाणिकपणे लिहायचं तर सगळंच लिहितो. सायकल मला आवडत पण होती. बाबाकडे माझे मित्र होते, नदी होती. आणि कोर्टानंतर घर शांत झालं, ताट फेकल्याचा आवाज नाही, रात्री झोपेतून दचकून उठणं नाही, ते मला बरं वाटलं होतं. दहा वर्षांच्या पोराला आई गेल्यावर बरं वाटलं, हे कोणाला सांगणार?

दचकून उठणं नाही म्हणालो ते पण अर्धंच. नंतर मी स्वतःच उठायला लागलो. रात्री उठून बाबा श्वास घेतो का ते पाहायचं आणि परत झोपायचं. औषधाचा डबा एकदा कुटारात लपवला. बाबानं दोन दिवस शोधला, फवारणी खोळंबली, मग त्याच्या हाताला लागला तेव्हा तो डबा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता मारतो. मारलं नाही, विचारलं पण नाही, दुसऱ्या दिवशी सगळे डबे शेतातल्या झोपडीत नेऊन कुलूप लावलं. मला वाटते त्याला समजलं. आम्ही दोघं त्यावर आजपर्यंत बोललो नाही.

आईकडे जायचं महिन्यातून एक शनिवार-रविवार. ती कारंज्याकडे माहेरी. शकुंतला रेल्वे तेव्हा चालू होती, दारव्ह्याहून बसलो की गाडी इतकी हळू की खाली उतरून शेंगा तोडून परत चढता येईल. जायच्या आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, माझं पोट दुखायचं. दर वेळी. डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. तीन वेळा दिलं. लेकराचं पोट नेमकं शुक्रवारीच दुखते तर जंत कॅलेंडर पाहून येतात का, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, गुरुजींच्या पण नाही. आईकडे गेलो की मामी विचारायची, बाप पितो का? इकडे आलो की आत्या विचारायची, माय कामाला जाते का, कोणाच्या शेतात, कोणासोबत? मी दोन्हीकडे वेगवेगळं खोटं बोलायला शिकलो आणि त्यात गणित मागे पडलं.

पुढे अमरावतीला बीएडला गेलो तेव्हा मला पुस्तकातला आधार सापडला. जुडिथ वॉलरस्टीन नावाच्या बाईंनी अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७१ पासून ६० कुटुंबांतली १३१ मुलं धरून पंचवीस वर्षं त्यांचा मागोवा घेतला, आणि म्हणाल्या की फारकतीचा परिणाम मोठेपणी सुद्धा जात नाही, उलट स्वतःचं लग्न-संसार करायच्या वेळी जास्त वर येतो. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. जसं काही डॉक्टरी सर्टिफिकेटच मिळालं. त्या काळात एक मुलगी होती, तिला मी तोंडावर सांगितलं की माझ्याकडून संसार होणार नाही, संशोधन आहे. काय मूर्ख होतो. तिनं विचारलं, एकशे एकतीसपैकी तू कितवा? मला तेव्हा तो टोमणा वाटला.

नंतर कळलं की त्या अभ्यासात सुरुवातीला तुलनेला न फुटलेल्या घरातली मुलंच घेतली नव्हती. मेव्हिस हेदरिंग्टन या दुसऱ्या अभ्यासक बाईंनी तुलना करून पाहिली तर फारकत झालेल्या घरातल्या शंभरात साधारण पंचवीस मुलांना पुढे गंभीर त्रास, आणि एकत्र घरातल्या शंभरात दहांना. म्हणजे धोका दुपटीहून जास्त हे खरं, आणि पंचाहत्तर जण आपापल्या कामाला लागतात हे पण खरं. पॉल अमॅटो नावाचे आणखी एक अभ्यासक म्हणतात की घरात सतत मोठी भांडणं असतील तर अशा मुलांचं फारकतीनंतर बरंच होतं, जिथं भांडण दिसतच नव्हतं तिथं मुलं जास्त कोसळतात. आमच्या घरात ताटं उडत होती. या हिशोबानं माझं बरं व्हायला पाहिजे होतं. मग ज्या रात्री उठून मी श्वास मोजले त्या कोणत्या रकान्यात टाकायच्या? फारकतीमुळे झालं म्हणू, का कर्जामुळे, का ओसरीतल्या तेलाच्या वाटीमुळे? बावीसचा मी म्हणायचो फारकतीमुळे, ठाम. आता मी तसं म्हणत नाही, पण दुसरं काही ठाम म्हणायला पण माझ्याकडे नाही.

एक गोष्ट मात्र खूप उशिरा वाचली आणि त्या दिवशी शाळेत माझं लक्ष नव्हतं. १८९० चा जो पालक-पाल्याचा कायदा आहे, त्याच्या १७ व्या कलमात लिहिलंय की मूल समजदारीनं आवड सांगण्याएवढं मोठं असेल तर कोर्ट त्याची आवड विचारात घेऊ शकते. घेऊ शकते. घ्यायलाच पाहिजे असं नाही. १९५६ च्या हिंदूंच्या कायद्यात पण मुलाचं हित सगळ्यात वर, पोरगं काय म्हणते त्याच्या वर. म्हणजे निकाल साहेबांनी दिला होता, शेती, घर, शाळा, दोन्हीकडची परिस्थिती, सगळं पाहून दिला असेल. आणि मी इतकी वर्षं समजत होतो की मीच दिला. आधी हलकं वाटलं, मग भयंकर राग आला की हे दहा वर्षांच्या पोराला एका माणसानं एका वाक्यात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? "बाळा, तू काहीही म्हण, ठरवणार आम्ही मोठी माणसं." बस.

हे वाक्य मी आता माझ्या शाळेत वापरतो. दोन वर्षं झाली नोकरीला, आठवीपर्यंतची शाळा, त्यात चार लेकरं अशी आहेत की घर दोन ठिकाणी आहे. आनंददायी शनिवारी त्यांना घेऊन बसतो, वेगळं नाव दिलं नाही, बाकीच्यांना वाटते सर चित्रं काढून घेतात. अमेरिकेत रॉचेस्टरला शाळांमधून अशा मुलांचे छोटे गट चालवले गेले, १९८० च्या दशकापासून, त्यातली एक गोष्ट मी उचलली: कोणती अडचण आपल्या हातातली आणि कोणती नाही, हे मुलांना वेगळं करायला शिकवायचं. आम्ही चिंचोक्यांचे दोन ढीग करतो. गृहपाठ, आंघोळ, मित्राशी भांडण हे आपलं. मायबापाचं भांडण, पैसे, कोर्ट हे मोठ्यांचं. एका पोरीनं "बाबाचा निरोप मायले सांगणं" याचा चिंचोका आपल्या ढिगात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं उचल आणि तिकडे टाक. ती म्हणे, "मंग सांगन कोण?" मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिच्या बापाला बोलावलं तर तो म्हणाला सर तुम्ही शिकवायचं पाहा. बरोबरच आहे त्याचं, मी पण असंच म्हटलं असतं.

खरं तर मुलांसोबत मोठ्यांनाही बसवलं तर उपयोग होतो, ॲरिझोनात आयांचे आणि सोबत मुलांचे पण तसे वर्ग घेतले, आई-लेकराचं नातं घट्ट करायचं, शिस्त सारखी ठेवायची, आणि सहा वर्षांनी त्या मुलांना मानसिक आजार कमी निघाले. इथं वेचणीच्या दिवसात कोणत्या बाईला मी बोलावू? मजुरी बुडवून कोण येईल? फोनवर टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीचा, १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तो मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि पुसू देत नाही. यानं काय होते मला माहीत नाही. शुक्रवारी कोणाचं पोट दुखलं तर मी जंताचं औषध देत नाही, एवढं नक्की.

तर आईकडे का नाही गेलो, हे झालं. आईला हे सांगितलं का, असा तुमचा पुढचा प्रश्न येईल, म्हणून तेही सांगतो. नाही. सांगायचं म्हणजे मेलेल्या आजीला उभं करायचं, आणि बाबा अजून आहे, त्याच्या कानावर गेलं की तुझ्या जिवाच्या भीतीनं पोरगं तुझ्याकडे राहिलं, तर? तर मी अजूनही तेच करून राहिलो जे दहाव्या वर्षी केलं. माहीत आहे मला. तुम्ही सांगायची गरज नाही.

मी बाराचा झालो तेव्हा आईनं निंदणीच्या, वेचणीच्या मजुरीतून पैसे साठवून कारंज्यातून नवी सायकल आणली होती. निळी, घंटी लावलेली. तिला वाटलं होतं, कारण सायकल आहे तर इलाज पण सायकल. मी दोन दिवस चालवली आणि रविवारी परत आलो. नंतर मामाच्या पोरांनी चालवली, मग कोणीच नाही. या दिवाळीला गेलो तर ती मामाच्या मागच्या भिंतीला टेकून होती, चाकाच्या तारांवर वेल चढलेला.

आई म्हणाली, "भंगारवाला मागून राहिला. देऊ का?"

मी म्हटलं, राहू दे.

ती म्हणे, "मंग हवा तरी भरून ठेव."

टायर कधीचे फाटलेले होते. तरी मी पंप आणायला गेलो.