वीस महिने आणि एक गटार: आमदार निधीचा माझा अनुभव

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातलं आहे एवढं पुरे. पावसाळा आला की आम्ही सगळे मोबाईलवर आयर्विन पूल नाहीतर राजाराम बंधारा, म्हणजे जिथे नदीची पातळी मोजतात, तिथे पाणी किती फुटावर गेलं ते बघत बसतो, त्यातलीच मी एक. घरी शिलाईकाम करते. 2019 च्या ऑगस्टमध्ये तीन मशीन पाण्यात गेल्या, 2021 च्या जुलैला दोन वर चढवून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या.

दोन पुरांनंतर आमची कॉलनी अर्धी रिकामी झाली होती. भाडेकरू गेले, पुढच्या गल्लीतलं दवाखान्याचं शटर कायमचं बंद. मग 2022 पासून हळूहळू लोक परत यायला लागले, रंग लागले, दोन नवीन दुकानं आली, पण गटार तेच. आमच्याकडे पाणी समोरून नदीतून येतच नाही हो, ते गटारातून उलटं येतं. नदी चढली की नाल्याचं तोंड बुडतं आणि घाण पाणी मागे ढकललं जाऊन पहिल्यांदा आमच्या चेंबरमधून, म्हणजे गटाराच्या झाकणाच्या खड्ड्यातून, बाहेर पडतं, नदी अजून रस्त्यापासून लांब असते तेव्हाच. बायका सकाळी चेंबरचं झाकण बघूनच सामान वर टाकायचं का ते ठरवतात.

नगरसेवकाकडे जावं तर नगरसेवकच नव्हता. महापालिकांच्या मुदती संपल्या, आरक्षण आणि प्रभागरचनेच्या केसेसमुळे निवडणुका लांबल्या, बहुतेक ठिकाणी प्रशासक. म्हणून जून 2023 मध्ये आम्ही आठ-दहाजण आमदारांच्या जनता दरबारात गेलो. मागणी काय होती? सभागृह! उंच खांबांवर हॉल बांधा म्हणजे पुरात सामान ठेवता येईल. साहेबांनी निवेदन घेतलं, एक मिनिट बोलले, पीएकडे पाठवलं. पीए म्हणाला, "वहिनी, तुमची जागा निळ्या रेषेच्या आत आहे, हॉल विसरा." पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो ती निळी पूररेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत नवीन बांधकाम होत नाही. हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं.

मग गटार ठरलं. मोठा पाइप, आरसीसी गटार आणि नाल्याला मिळतं तिथे फ्लॅप गेट. म्हणजे झडप, आतलं पाणी बाहेर जाईल पण बाहेरचं आलं की आपोआप मिटेल.

आता इथे सगळ्यांचा गैरसमज असतो, माझाही होता, की आमदाराकडे पैसे असतात आणि तो देतो. तसं नाही. आमदार निधी 2022 पासून वर्षाला 5 कोटी झाला, आधी 4 होता, पण त्यातला रुपया आमदाराच्या हातात येत नाही. तो फक्त शिफारस पत्र देतो. ते पत्र जातं जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथला नियोजन विभाग बघतो की काम निधीच्या नियमात बसतं का, जागा सरकारी किंवा सार्वजनिक आहे का, इस्टिमेटला तांत्रिक मान्यता आहे का. मग प्रशासकीय मान्यता, मग पैसे महापालिकेकडे, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. मी हे सगळं एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं आणि एकेक खोडत गेले.

इस्टिमेटसाठी महापालिकेचे जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, साहेब तीनदा येतो म्हणाले आणि चौथ्यांदा आले. कागद हातात पडला तर त्यात फ्लॅप गेटच नाही! म्हटलं साहेब, गेट नसेल तर पाणी मोठ्या पाइपातून अजून जोरात आत येईल, तुम्ही आमच्यासाठी नदीला रस्ता करून देताय. ते म्हणाले, दरसूचीत, म्हणजे सरकारी दरांच्या यादीत, आयटम शोधावा लागेल. शोधला. दोन महिने लागले.

खरा घोळ पुढेच. आमची वसाहत गुंठेवारीतली, म्हणजे शेतजमीन गुंठ्या-गुंठ्यानं विकलेली. सातबाऱ्यावर रस्त्याची जागा अजून मूळ मालकाच्या नावाने. खासगी जागेवर निधी खर्च करता येत नाही म्हणून फाइल परत. मालक वारलेले, वारस सात, एक मुलगी पुण्यात आणि दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मी त्यांच्या दारात किती वेळा गेले ते आता आठवून हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

इथे आमदारांनी जे केलं ते मला निधीपेक्षा मोठं वाटतं. तिसऱ्या दरबारात मी वही दाखवली, त्यांनी वाचली, आणि महापालिकेचे अभियंता, नगररचनाचे एकजण आणि नियोजनचे एकजण यांना त्याच आठवड्यात एका टेबलावर बसवलं. तोवर प्रत्येकजण मला दुसऱ्याकडे पाठवत होता. समोरासमोर बसल्यावर वीस मिनिटांत निघालं की 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली आमची वसाहत नियमित करताना जो नकाशा मंजूर झाला, त्यात हा रस्ता सार्वजनिक म्हणून दाखवलाय. त्याची सही-शिक्क्याची प्रत पुरणार होती. नकाशा त्यांच्याच कपाटात होता!! प्रत मात्र मागून मिळाली नाही, शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, तेव्हा मिळाली.

फाइल पुन्हा गेली आणि 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली. थांबा. जुलैमध्ये प्रशासकीय मान्यता आली, सप्टेंबरला टेंडर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वर्क ऑर्डर. ठेकेदार म्हणाला दसरा झाला की सुरू करतो. आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. वर्क ऑर्डर असली तरी जागेवर काम सुरू झालेलं नसेल तर ते सुरू करता येत नाही. एक दिवस आधी नुसता जेसीबी लावून खोदाई सुरू केली असती तरी चाललं असतं, हे मला नंतर कळलं, तेव्हा मी ठेकेदाराशी चार दिवस बोलले नाही. निवडून कोण आलं ते जाऊ द्या, मान्यता झालेलं काम असल्याने पत्र पुन्हा घ्यावं लागलं नाही.

डिसेंबरात काम लागलं. टेंडर बरंच बिलो, म्हणजे इस्टिमेटपेक्षा कमी दरात, गेलेलं त्यामुळे लक्ष ठेवावं लागणार हे माहीत होतं. गल्लीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या, काँक्रीटवर पाणी मारलं का, खाली पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, टाकलं का, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. एका ठिकाणी उतार उलटा निघाला, तो तोडून परत करून घेतला. फेब्रुवारी 2025 ला संपलं आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला, गेटपेक्षा मोठा. लावू देत, बोर्ड लावायचाच असतो, पण त्यावर त्या तीन अधिकाऱ्यांच्या मीटिंगचा उल्लेख कुठे येणार.

पावसाळ्यात नदी चढली तेव्हा गेट मिटलं आणि चेंबरचं झाकण हललं नाही. मात्र पाऊस पडत होता ते पाणी आतच अडकलं, गल्लीत घोट्यापर्यंत. झडप मिटलेली असताना आतलं पाणी पंपानं काढायला लागतं, हे जेईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि मी वहीत लिहिलंच नव्हतं. आता पंपासाठी निवेदन दिलंय. गेट साफ कुणी करायचं ते महापालिकेच्या कुठल्याच रजिस्टरला नाही, म्हणून सध्या नाल्याकडच्या घरातला मुलगा पहार घेऊन जातो आणि अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढतो. मागच्या आठवड्यात नारळाची करवंटी निघाली.