सगळे टॅरंटबद्दल बोलतात, मला चर्चबद्दल बोलायचंय

सी. एस. फ्रीडमनच्या कोल्डफायर ट्रिलॉजी या फँटसी कादंबऱ्यांचा विषय कुठेही निघू दे, दोन मिनिटांत गाडी जेराल्ड टॅरंटवर येते. साहजिकच आहे म्हणा. देखणा, फिकट, बोलायला अत्यंत सभ्य, कपड्यांचा शौकीन, आणि लोकांच्या भीतीवर जगणारा, बायकांना जंगलात सोडून त्यांची शिकार करणारा. पहिल्या पुस्तकाची सुरुवातच तो स्वतःच्या बायकोमुलांचा बळी देतो तिथून होते, आणि तरी शंभर पानांनंतर आपण तो परत कधी येतोय याची वाट बघत बसतो, हे फ्रीडमनचं कसब आहे, मान्य. पण मी ही तीन पुस्तकं (ब्लॅक सन रायझिंग १९९१, व्हेन ट्रू नाइट फॉल्स १९९३, क्राउन ऑफ शॅडोज १९९५) परत काढतो ती टॅरंटसाठी नाही, तर त्यातल्या चर्चसाठी. त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून हा प्रपंच. पहिल्या पुस्तकातला एक मोठा खुलासा पुढे येणार आहे, ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबा. शेवट मात्र सांगणार नाही.

आधी ही गोष्ट ज्या ग्रहावर घडते तो एर्ना काय आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय चर्चचं काही कळणार नाही. माणसं पृथ्वीवरून गाढ झोपेत निघाली आणि इतक्या लांब येऊन पोचली की परत जायचा प्रश्नच नाही. आकाशगंगेच्या पार कडेला असलेला ग्रह, तीन चंद्र, सतत भूकंप. राहण्यासारखा दिसला म्हणून उतरले आणि मग एकेक जण मरायला लागला. कारण या ग्रहावर फे नावाची एक शक्ती आहे, ती जमिनीतून वाहते, तिचे प्रवाह असतात, भूकंपाच्या वेळी ती उसळते, आणि सजीवांच्या मनात जे असेल त्याप्रमाणे ती वास्तवच बदलून टाकते. तिथल्या प्राण्यांना याचा फायदाच होता, थंडी वाढली की पुढची पिढी जाड कातडीची जन्मायची, विषय संपला. पण माणसाच्या मनात गरजेशिवाय बाकीचा पसाराच फार. अंधाराची भीती, अपराधी वाटणं, मेलेल्या माणसाची आठवण, लहानपणीचा बागुलबुवा, हे सगळं फेने ऐकलं आणि खरं करून दाखवलं. रात्री जे स्वप्नात आलं ते दुसऱ्या दिवशी दाराबाहेर भुकेलं उभं.

मला या कल्पनेतलं सर्वात जास्त काय आवडतं, तर ती यंत्रांचं काय करते ते. बंदूक घ्या. बंदूक चालते रसायनशास्त्रावर, पण ती चालवणाऱ्याच्या मनात कुठेतरी खोलवर ‘ही हातातच फुटली तर?’ एवढा विचार आला की एर्नावर ती खरोखर हातात फुटू शकते. आणि असा विचार येऊ न देणारा माणूस शोधून दाखवा. म्हणजे विज्ञान खोटं पडलेलं नाहीये, नियम तेच आहेत, फक्त माणसाची शंकासुद्धा आता त्या समीकरणात एक संख्या झालीय. त्यामुळे तारे पार करून आलेली जमात बाराशे वर्षांनंतरही घोड्यांवर बसून तलवारी घेऊन हिंडते. बरं, ते घोडेही पृथ्वीचे नाहीत, तिथल्याच एका प्राण्याला माणसांनी घोडा हवा घोडा हवा म्हणत घोडा केलाय. फँटसीत सगळीकडे घोडे आणि तलवारी का असतात याचं इतकं पटणारं कारण मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि मग कास्का. दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला हा भाग येतो. उतरलेल्या लोकांपैकी एकाच्या, इयन कास्काच्या, लक्षात येतं की फेशी व्यवहार करायचा असेल तर काहीतरी मौल्यवान कायमचं द्यावं लागेल, आणि तो माणूस काय देतो, तर जहाज. सगळं ज्ञान, सगळी यंत्रं, पृथ्वीशी असलेला शेवटचा धागा, सगळं उडवून देतो. वाईट माणूस नाही तो, वेडा आहे की शहाणा हे आजही मला ठरवता येत नाही. पण त्या दिवसापासून बळी दिला की शक्ती मिळते हा या ग्रहाचा जणू नियमच झाला. जितकं प्रिय तितकं मोल जास्त. आता टॅरंटने बायकोमुलांना का मारलं ते परत एकदा वाचा, ते क्रौर्य म्हणून केलेलं नाही, हिशोब म्हणून केलंय. स्वतः मरायला टेकलेला माणूस, मरायचं नाहीये, मग जे सर्वात प्रिय ते द्यायचं. त्याने ग्रहाचा नियम अगदी बरोबर वाचला होता, हेच तर भयंकर आहे.

हां, तर चर्च. एर्नावर देव शेकड्याने आहेत आणि ते खरे आहेत, म्हणजे पुरेशा लोकांनी पुरेसा काळ प्रार्थना केली की फेमधून तो देव तयार होतो, नवसाला पावतो, समोर येतो, आणि अर्थातच भक्तांवर पोसलाही जातो. जॅगोनाथ शहरात अशा देवळांची रांगच आहे. आणि या गर्दीत एक चर्च आहे ज्याचा देव कधीच दिसत नाही, कधीच उत्तर देत नाही, चमत्कार मागायचे नाहीत असा त्यांचा नियम. एरवी कथेत अशा चर्चची एक तर टिंगल होते नाही तर ते खलनायक असतं. इथे ते चर्च म्हणजे एक प्रकल्प आहे. विचार असा की लाखो माणसांनी पिढ्यानपिढ्या एकाच एका देवावर, एकाच व्यवस्थेवर, एकाच नियमबद्ध विश्वावर मनापासून विश्वास ठेवला, तर त्या सगळ्या मनांच्या एकत्रित वजनाने फे हळूहळू स्थिर होईल, एकट्यादुकट्याच्या भीतीला दाद देणं बंद करेल. मग बंदूक बंदुकीसारखी चालेल. मग यंत्रं येतील. मग कधीतरी, शेकडो वर्षांनी, माणूस परत ताऱ्यांकडे जाईल.

म्हणजे प्रार्थना हीच इंजिनिअरिंग! मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसलो होतो. देव आहे की नाही हा प्रश्नच फ्रीडमन सोडवत नाही, तिला तो सोडवायचाच नाहीये, देव नसला तरी योजना चालेल आणि असला तरी चालेल, पण योजना चालण्यासाठी लोकांचा विश्वास मात्र खराखुरा लागेल. ‘फायदा होतो म्हणून विश्वास ठेवतो’ असं म्हणून चालणार नाही, कारण फे मनाच्या तळातलं वाचते, वरवरचं नाही. ही गोची किती सुंदर आहे बघा.

आपला नायक डेमियन व्राइस या चर्चचा धर्मगुरू, आणि तो फे वापरतो. जखमा भरतो, राक्षस मारतो, त्याच्या पंथाला पश्चिमेकडच्या चर्चमध्ये परवानगी आहे आणि त्याला जॅगोनाथला पाठवतात तेच मुळी तिथल्या शिकाऊ लोकांना हे शिकवायला. जॅगोनाथचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या चर्चचे प्रमुख, याच्या पूर्ण विरोधात. पहिल्यांदा वाचताना आपण बिनशर्त डेमियनच्या बाजूने असतो, मरणाऱ्या माणसाला वाचवू नका असं म्हणणारा म्हातारा कुणाला आवडेल. पण पॅट्रिआर्कांचा मुद्दा नीट ऐकला तर तो फार कठीण आहे. तू आज एकाला वाचवलंस, पण ते करताना फेला परत एकदा शिकवलंस की एका माणसाच्या इच्छेपुढे वाकायचं असतं, म्हणजे पुढच्या हजार लोकांच्या सुटकेची तारीख तू पुढे ढकललीस. चूक आहे का हे? मला अजून ठरवता येत नाही आणि माझ्या मते लेखिकेलाही आलेलं नाही, म्हणूनच तीन पुस्तकं लागली. तिसऱ्या पुस्तकात पॅट्रिआर्कांबद्दल जे कळतं त्याने तर या वादाला अजून एक पदर मिळतो, पण ते तुम्हीच वाचा.

आणि आता तो खुलासा. या चर्चचा प्रेषित, ज्याने ही सगळी योजना आखली, धर्मग्रंथ लिहिले, ज्याचं नाव नंतर चर्चने स्वतःच्याच इतिहासातून खरवडून काढलं, तो म्हणजे टॅरंट. जंगलातला शिकारी. ज्याला मारण्यासाठी चर्चने एकेकाळी सैन्य घेऊन त्या जंगलावर चाल केली आणि सपाटून हरले, तो त्यांचाच संस्थापक. लोक याकडे एक झकास ट्विस्ट म्हणून बघतात आणि पुढे जातात. माझ्यासाठी इथून मालिका सुरू होते. कारण टॅरंटचा विश्वास गेलेला नाहीये! त्याला आजही वाटतं की त्याने लिहिलं ते बरोबर आहे, योजना बरोबर आहे, फक्त तो स्वतः तिच्या बाहेर पडलाय आणि स्वतःच्याच शिकवणुकीप्रमाणे मेल्यावर थेट नरकात जाणार आहे. म्हणून मरायचं नाही. नऊशेच्या आसपास वर्षं हा माणूस स्वतःच्याच धर्माला घाबरून जगतोय. न मरण्यासाठी त्याने जो करार केलाय त्याच्या अटीही बघा, कुणाला बरं करायचं नाही, जीव वाचवायचा नाही, आग पेटवायची नाही. डेमियन जे जे करतो ते ते याला बंद. त्याच्या तलवारीत ज्योत आहे पण ती गोठवते, मालिकेचं नाव त्यावरून.

दोघांच्या प्रवासाबद्दल खूप लिहिलं गेलंय, तेव्हा थोडक्यात. स्मृती खाणारे राक्षस सियानी नावाच्या बाईची आठवण आणि शक्ती हिरावून नेतात, तिच्यासाठी डेमियन निघतो, टॅरंट सोबत येतो, एकमेकांचा तिरस्कार, मग गरज, मग ज्याला मैत्री म्हणायला दोघंही तयार नाहीत असं काहीतरी. तिसऱ्या पुस्तकात डेमियन अक्षरशः नरकात उतरतो त्याच्यासाठी.

दुसरं पुस्तक मला तिन्हीत सर्वात आवडतं, कारण तिथे चर्चच्या योजनेची परीक्षा आहे. हे लोक समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडावर जातात (खोल पाण्यावर जमिनीतली फे हाताला लागत नाही, त्यामुळे जहाजावर टॅरंट जवळजवळ निकामी आणि डेमियनच्या दुःस्वप्नांवर गुजराण करतोय, हा भाग जबरदस्त जमलाय), आणि तिथे पोचल्यावर दिसतं की अरे, इथे तर जमलंय! एकच चर्च, एकच श्रद्धा, शांत शहरं, लोक रात्रीला घाबरत नाहीत. डेमियनला रडू यायचं बाकी राहतं. मग शहराच्या भिंतीबाहेर रात्री काय चालतं ते कळतं, आणि त्यात लहान मुलं आहेत. पुन्हा तोच कास्काचा नियम. एवढंच सांगतो.

आता तक्रारी, कारण आहेत. पहिलं पुस्तक मधे फार रेंगाळतं, प्रवास प्रवास आणि प्रवास, जवळपास शंभर पानं सहज कमी करता आली असती. सियानीची आठवण गेल्यावर ती माणूस न राहता एक कारण बनून राहते आणि हे आजच्या नजरेने जास्तच खटकतं. आणि टॅरंटच्या चाहत्यांनो, रागावू नका, पण तो ज्यांची शिकार करतो त्या बायकांची मालिकेत मिळून किती पानं आहेत ते बघा. आपण त्याला माफ करतो कारण तो सुंदर बोलतो. लेखिकेला हे कळत होतं असं मला वाटतं, पण प्रत्येक ठिकाणी नाही. दुसऱ्या भागातली हेसेथ, रॅख जमातीची, तिच्यामुळे थोडी भरपाई होते. रॅखसुद्धा काय कल्पना आहे, मुळात मांजरासारखे प्राणी, पण समोर माणूस आल्यावर ग्रहाने त्यांना माणसासारखं केलं, आणि आता ते त्याबद्दल माणसांना माफ करायला तयार नाहीत.

किंमतीचं हे वेड फ्रीडमनचं नंतरही सुटलेलं नाही. मॅजिस्टर ट्रिलॉजी (२००७ ते २०११) वाचलीत तर तिथे जादू वापरली की स्वतःचं आयुष्य जळतं, आणि मॅजिस्टर म्हणवणारे पुरुष त्यावर युक्ती काढतात, दुसऱ्या कुणा अनोळखी माणसाचं आयुष्य जाळायचं, तो बिचारा कुठेतरी अंथरुणाला खिळून मरतो आणि का ते कुणालाच कळत नाही. कामला नावाची मुलगी ही युक्ती जमवणारी पहिली बाई. सुरुवात भन्नाट आहे, पण तिथे चर्चसारखं काही नाही, हजार वर्षांचा विचार करणारं कुणीच नाही, त्यामुळे मला ती थोडी पोकळ वाटली. त्यापेक्षा १९९८ ची धिस एलियन शोअर वाचा, ती शुद्ध सायन्स फिक्शन आहे, ताऱ्यांपर्यंत पोचण्याच्या नादात माणसांचे जनुकच बदलून जातात आणि पृथ्वी घाबरून त्यांना वाऱ्यावर सोडते.

डॉमिनियन नावाची एक छोटी पूर्वकथाही आहे, २०१२ ची, टॅरंटच्या जुन्या दिवसांची. ती आधी वाचायचा मोह होईल, कारण लहान आहे आणि कालक्रमाने पहिली येते. नका वाचू. तिन्ही पुस्तकं झाल्यावर काढा, तोपर्यंत टॅरंटने काय लिहिलं होतं आणि काय मोडलं ते माहीत झालेलं असेल, नाहीतर ती नुसती एका जादूगाराची आणि एका जंगलाची गोष्ट वाटेल.