तुम्ही विचारलंत म्हणून : तिसऱ्या बाजूचा पाऊस

इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या इंग्लिश बँडचा ‘आउट ऑफ द ब्लू’ हा १९७७ सालचा आल्बम माझ्याकडे तीन रूपांत आहे : मामाकडून आलेली दोन तबकड्यांची मूळ प्रत, त्या तबकड्यांवरून भरून घेतलेली एक नव्वद मिनिटांची कॅसेट, आणि २००७ साली आल्बमला तीस वर्षे झाली त्या निमित्ताने निघालेली रीमास्टर केलेली सीडी. तिन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी उभी असल्यामुळे घरी येणारा संगीतप्रेमी पाहुणा हमखास विचारतो, की तबकडी असताना तीच गाणी पुन्हा पैसे देऊन का घेतलीत, आणि रीमास्टर केल्याने असे काय निराळे ऐकू येते? आजवर मी या प्रश्नाचे उत्तर पाहुणा चपला घालत असताना दोन वाक्यांत देत आलो आहे. ते उत्तर अपुरे होते.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. रीमास्टर करणे म्हणजे गाणी नव्याने जुळवणे नव्हे. स्टुडिओत ड्रम, गिटार, गळा, व्हायोलिने हे सारे बहुपदरी टेपवर वेगवेगळ्या पट्ट्यांत साठवलेले असते. ती टेप म्हणजे मिसळणाचा डबा. त्यातून सर्व पट्ट्यांचे प्रमाण ठरवून जी डाव्या-उजव्या अशा दोनच पट्ट्यांची अंतिम टेप तयार होते, ती शिजून झालेली भाजी. रीमास्टर करणारा तंत्रज्ञ सहसा या दुसऱ्या टेपकडे जातो. तिच्यातला खर्ज वाढवणे, टिपेचा करकरीतपणा कमी करणे, खरखर काढणे, एकूण आवाजाची पातळी ठरवणे एवढेच त्याच्या हातात असते. एकदा मिसळलेला चेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच जातीचे मोठे, खर्जातले वाद्य, तो गळ्यापासून वेगळा काढू शकत नाही. त्यामुळे ‘आता प्रत्येक वाद्य सुटे सुटे ऐकू येईल’ अशा अपेक्षेने जो हा आल्बम घेईल, त्याची निराशा ठरलेली आहे. त्यातून हा आल्बम तर मुळातच दाट विणीचा आहे. जेफ लिन हा या बँडचा गीतकार, संगीतकार, गायक आणि निर्माता. त्याला थरावर थर चढवण्याची इतकी हौस, की गळेसुद्धा एकावर एक रचून त्याने त्यांची भिंत केली आहे. ही भिंत हा टेपचा दोष नाही, तो त्याचा हेतू आहे. हे मला कळायला मात्र रीमास्टरची वाट पाहावी लागली, आणि पाहुण्यांना द्यायच्या उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे.

बर्मिंगहॅम शहरातल्या ‘द मूव्ह’ या बँडमधून रॉय वुड, जेफ लिन आणि ड्रमवादक बेव बेवन यांनी १९७० च्या सुमारास हा नवा बँड उभा केला, तेव्हा रॉकच्या ठेक्यावर चेलो आणि व्हायोलिने यांना कायमची जागा द्यायची हीच मूळ कल्पना होती. वुड लवकरच बाहेर पडला. १९७७ पर्यंत बँडमध्येच मिक कामिन्स्की हा व्हायोलिनवादक आणि ह्यू मॅकडॉवेल व मेल्विन गेल हे दोन चेलोवादक होते, शिवाय बाहेरचा मोठा वाद्यवृंद आणि कोरस. त्यांची रचना लिन, कळफलकवादक रिचर्ड टँडी आणि लुई क्लार्क असे तिघे मिळून करत, आणि वाद्यवृंदाचे संचालन क्लार्ककडे असे. आपल्याकडच्या श्रोत्याला यात परके वाटण्यासारखे फारसे काही नाही, असे माझे मत आहे. ठेका खाली चालू आहे, गळा मध्ये आहे आणि व्हायोलिनांचा ताफा त्या गळ्याला वरून उत्तर देतो आहे, हे सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी, म्हणजे वाद्यमेळ रचणाऱ्यांनी, मुंबईच्या सिनेसंगीतात कितीतरी आधी आपल्या कानांवर घातले होते. म्हणूनच रॉकशी उभा दावा मांडलेली माझी आईसुद्धा या आल्बमला कधी नावे ठेवत नसे. तिच्या मते हे ‘बरे संगीत’ होते.

मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होता आणि त्या तबकड्या त्याने कुठल्याशा बंदरातून आणल्या होत्या. वेष्टनावर शुसेई नागाओका या जपानी चित्रकाराने रंगवलेले भलेमोठे अवकाशयान, त्यात शिरणारे एक छोटे यान, आणि त्या छोट्या यानावर रंगवलेला आल्बमचा मूळ क्रमांक. आत पुठ्ठ्याचे एक अवकाशयान कापून जोडण्यासाठी दिलेले होते. मामाने ते मला कधीही कापू दिले नाही. आज ते अखंड आहे, याबद्दल मी त्याचा ऋणी असायला हवे, पण नाही. तबकड्या त्याच्या, म्हणून ऐकायच्या त्याच्या घरी आणि तो रजेवर असताना. एरवी माझ्या वाट्याला ती कॅसेट. सत्तर मिनिटांचा ऐवज नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर सहज मावला : पहिल्या दोन बाजू एकीकडे, उरलेल्या दोन दुसरीकडे. वीस वर्षे मी हा आल्बम मुख्यत्वे त्या कॅसेटवर ऐकला.

आता तिसऱ्या बाजूकडे येतो, कारण रीमास्टरचे सारे बरे-वाईट माझ्या लेखी तिथेच एकवटले आहे. लिनने या आल्बममधली गाणी स्वित्झर्लंडमधल्या डोंगरात एक घर भाड्याने घेऊन लिहिली. त्याने स्वतः सांगितलेली हकिकत अशी, की पहिले दोन आठवडे बाहेर काळोखी आणि धुके होते आणि त्याला एक ओळही सुचली नाही. मग एके दिवशी ऊन पडले, आल्प्स दिसले, आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्याने भराभर गाणी लिहून काढली. त्या उघडिपीचे गाणे म्हणजे ‘मिस्टर ब्लू स्काय’. चार गाण्यांची ही संपूर्ण बाजू त्याने ‘पावसाळी दिवसासाठी कॉन्चेर्तो’ अशा अर्थाच्या नावाखाली बांधली (कॉन्चेर्तो म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना) : ‘स्टँडिन इन द रेन’ने पाऊस सुरू होतो, ‘बिग व्हील्स’ आणि ‘समर अँड लाइटनिंग’मधून तो सरकत जातो, आणि शेवटी आकाश निवळते. मे महिन्यात पावसासाठी डोळे लावून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना उन्हासाठी एवढा जल्लोष आधी गमतीचा वाटतो. पण ज्याने जुलैत आठ दिवस घरभर ओले कपडे लटकलेले पाहिले आहेत, त्याला त्या गाण्यातला आनंद समजावून सांगावा लागत नाही.

या बाजूच्या आरंभी ऐकू येणारा पाऊस खरा आहे. ध्वनिमुद्रण म्युनिकमधल्या म्युझिकलँड स्टुडिओत, राइनहोल्ड माक या तंत्रज्ञाच्या हाताखाली झाले, आणि १९७७ च्या उन्हाळ्यात तिथे पडलेला पाऊस लिनने टेपवर धरून ठेवला. माझ्या कॅसेटवर मात्र हा पाऊस कुठे सुरू होतो हेच कळत नसे, कारण कॅसेटची स्वतःची सरसर अखंड चालू असायची. दोन्ही आवाज एकमेकांत इतके बेमालूम मिसळले होते, की माझ्या समजुतीप्रमाणे तो पाऊस जवळपास आल्बमभर पडत होता. सीडी प्रथम लावली तेव्हा दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे संपून निखळ शांतता झाली आणि त्या शांततेत म्युनिकचा पाऊस वेगळा सुरू झाला. या पावसाच्या गाण्यात, ‘स्टँडिन इन द रेन’मध्ये, पुढे अर्ध्या मिनिटाच्या आसपास तंतुवाद्ये तुटक सूर वाजवतात. ते सूर म्हणजे मोर्स लिपीतली ई, एल, ओ ही बँडची आद्याक्षरे आहेत, हे मी वाचले होते. पण कॅसेटवर ती टिंबे आणि रेघा चिखलात बुडाल्यासारखी वाटत. आता टिंब टिंबासारखे आणि रेघ रेघेसारखी आहे. चेलोवर गज घासला जातो त्याची खरखरीत कडही आता जाणवते. पूर्वी तिथे नुसता एक सपाट, चकचकीत पडदा होता.

अर्थात कॅसेटशी तुलना करून रीमास्टरला शाबासकी देणे हा कॅसेटवर अन्याय आहे. खरी तुलना मूळ तबकडीशी, आणि तिथे गोष्ट अधिक रंजक होते. तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. सुई बाहेरच्या कडेला असते तेव्हा तिच्याखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सरकते. मधल्या लेबलाजवळ पोचेपर्यंत घेर आकसून तेच अंतर जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटर उरते. म्हणजे तेवढेच संगीत निम्म्या जागेत कोंबावे लागते, आणि टिपेचे सूर सर्वप्रथम फाटू लागतात. हुशार निर्माते म्हणूनच बाजूच्या अखेरीस एखादे शांत गाणे ठेवत. लिनने काय केले? जवळजवळ एकोणीस मिनिटांच्या बाजूच्या अगदी शेवटी, जिथे तबकडी सर्वांत दुबळी असते तिथे, आल्बममधला सर्वांत गजबजलेला भाग ठेवला : ‘मिस्टर ब्लू स्काय’चा अखेरचा दीड मिनिटाचा विस्तार, ज्यात गाणे जणू संपल्यावर पूर्ण वाद्यवृंद आणि कोरस पुन्हा उठून उभे राहतात. मामाच्या तबकडीवर हा भाग नेहमी किंचित भाजल्यासारखा येत असे आणि त्याचा दोष आम्ही झिजलेल्या सुईला देत असू. सुई दोनदा बदलली, फरक पडला नाही. सीडीला असा आकसणारा घेर नसतो. तीस वर्षांनी तो कोरस मी प्रथमच न फाटता, पूर्ण उंचीला पोचलेला ऐकला, आणि खुर्चीत बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. गाण्याच्या मध्यात टण्ण असा एक धातूचा ठोका आहे. तो बेवनने आग विझवण्याच्या नळकांड्यावर मारलेला आहे. तोही आता घंटेसारखा न वाटता नळकांड्यासारखाच वाटतो.

पण याच जागी रीमास्टरने काहीतरी घालवलेही आहे. त्या कोरसनंतर, अगदी शेवटी, व्होकोडर या यंत्रातून काढलेला यंत्रमानवासारखा एक आवाज काहीतरी म्हणतो. अनेक श्रोत्यांप्रमाणे मलाही ते वर्षानुवर्षे गाण्याचेच नाव वाटत होते. तो आवाज प्रत्यक्षात म्हणतो, ‘प्लीज टर्न मी ओव्हर’, म्हणजे कृपया मला उलटा. हे शब्द श्रोत्याला आहेत : बाजू संपली, ऊठ, तबकडी उलट. अवकाशयानाच्या वेष्टनातून आलेली वस्तू स्वतःच बोलते आहे, आणि तिचे ऐकून माणूस उठतो, ही खुमारी फक्त तबकडीवर होती. माझ्या कॅसेटवर तिचा अर्थ आधीच गेलेला होता, कारण तिथे उलटण्याची जागा वेगळी होती. सीडीवर तर विनंती उच्चारली जाते आणि पुढच्याच क्षणी, कुणीही न उठता, ‘स्वीट इज द नाइट’ सुरू होते. शब्द आजवर कधी नव्हते इतके स्वच्छ ऐकू येतात आणि नेमके तेव्हाच ते निरर्थक झालेले असतात. याला कुणी तंत्रज्ञ जबाबदार नाही. तरीही, मला विचाराल तर तिथे चार-पाच सेकंद अधिक शांतता ठेवायला हवी होती.

दुसरी तक्रार मात्र तंत्रज्ञांकडेच आहे. ज्या दशकात ही आवृत्ती निघाली, त्या दशकात आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजावी अशी एक चढाओढ सर्वत्र चालू होती. डिजिटल ध्वनीला वर एक छत असते. त्याच्या पलीकडे आवाज जात नाही. मग मोठ्याने वाजवायचे तर उंच टोके दाबायची आणि बाकी सारे वर उचलायचे. माझ्या कानांना या सीडीवर त्या चढाओढीचा स्पर्श झालेला जाणवतो. पहिल्या बाजूच्या ‘टर्न टू स्टोन’ला याचा फायदाच होतो, कारण त्याचा सिंथेसायझरवरचा धावता खर्ज आता छातीवर आदळतो. पण पाऊस आणि त्यानंतरचे वाद्यवृंदाचे गडगडणे यांच्यातले अंतर तबकडीवर जेवढे होते तेवढे उरलेले नाही. हळू आवाज पुरेसा हळू नसेल, तर गडगडाट कसला? यावर माझा उपाय साधा आहे : आवाजाची कळ नेहमीपेक्षा थोडी खालीच ठेवतो आणि रस्त्यावरची वाहने थांबल्यावर, रात्री दहानंतर ऐकतो.

तेव्हा तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. तुमच्याकडे चांगल्या स्थितीतली तबकडी आणि बरा टर्नटेबल असेल, तर पहिली, दुसरी आणि चौथी बाजू तबकडीवरच ऐका आणि तिसऱ्या बाजूसाठी सीडी घ्या. हे वेडेपणाचे वाटेल, पण मी तसेच करतो. काहीच नसेल, तर रीमास्टर निःशंक घ्या. शेवटी तीन जादा तुकडे जोडलेले आहेत. त्यांतले ‘लॅटिट्यूड ८८ नॉर्थ’ हे त्या काळी अर्धवट राहिलेले गाणे ऐकण्याजोगे आहे, मात्र ते आल्बमच्या ओघात ऐकू नका. ‘वाइल्ड वेस्ट हीरो’चे शेवटचे सूर विरले, की यंत्र बंद करा, आणि ते जादा तुकडे दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे लावा. आणि तिसऱ्या बाजूच्या अखेरीस तो यंत्रमानव बोलला, की निदान एकदा तरी थांबवण्याची कळ दाबून उठा, स्वयंपाकघरात जाऊन घोटभर पाणी पिऊन या, आणि मग चौथी बाजू सुरू करा.