पुण्याहून बंगळूरला विमानाने डेस्कटॉप: काय नेलं, काय काढलं, काय मागे ठेवलं

डेस्कटॉप विमानाने नेणार म्हटल्यावर घरात पहिली प्रतिक्रिया आली, "वेडी आहेस का, पॅकर्सना दे." पॅकर्सचा पर्याय वाईट नाही. पण त्यांचा ट्रक बाकीचं सामान भरून सवडीने निघतो, आणि मला बंगळूरला पोचल्यावर लगेच एडिटिंगचं काम सुरू करायचं होतं. पुण्याहून विमान दीड तासात पोचतं. मशीन शाबूत पोचलं, कामही सुरू झालं. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी सामानाचं गणित. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं सामान मिळतं. माझं रिकामं कॅबिनेट, मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी), एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) आणि पॅकिंग धरून खोका १२ किलोच्या आसपास भरला. म्हणजे कपड्यांना तीन किलो उरले, असं वाटतं ना? तसं नसतं. काही कंपन्या १५ किलो म्हणजे एकच नग धरतात. खोका हा एक नग झाला, की बॅग दुसरा नग ठरते आणि तिचे वेगळे पैसे लागतात. हे तिकीट काढतानाच बघा आणि जादा सामान आधीच ऑनलाइन घेऊन टाका. काउंटरवर किलोमागे पाचशेच्या वरच दर सांगतात. शिवाय चेक-इन सामान अजिबात नसलेली स्वस्त तिकिटंही हल्ली विकतात, ती चुकून घेऊ नका. मापाची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते. मिड-टॉवर, म्हणजे मध्यम आकाराच्या उभ्या कॅबिनेटचा मूळ खोका त्यात आरामात बसतो.

मूळ खोका आणि त्यातले थर्माकोलचे दोन साचे माझ्याकडे माळ्यावर होते. ज्यांनी ते टाकून दिलेत त्यांनी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत चक्कर मारावी. कॅबिनेट विकणाऱ्या दुकानांत रिकामे खोके पडलेले असतात, गोड बोललं की मिळतात.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकजण बाहेरून बबल रॅपचे थरावर थर चढवतात आणि आतलं सगळं तसंच ठेवतात. खरा धोका आतच असतो. माझं ग्राफिक्स कार्ड किलोभराचं आहे आणि ते मदरबोर्डला एका बाजूने स्लॉटमध्ये, दुसऱ्या बाजूने दोन स्क्रूंवर आडवं लटकतं. खोका बेल्टवर कमरेइतक्या उंचीवरून आपटला, की कॅबिनेट थांबतं, पण कार्डाचं वजन थांबत नाही. ते स्लॉट पिरगाळतं, कधी उपटूनही काढतं. टॉवर कूलरचंही, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या उंच पंखेवाल्या ठोकळ्याचंही तेच. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५ पंख्यांसकट १३२० ग्रॅम भरतो, आणि हे सगळं वजन उभ्या बोर्डवर चार स्क्रूंच्या भरवशावर असतं. म्हणून नियम एकच: बोर्डवर जे जड लटकतंय ते उतरवायचं. मग खोका कसाही पडला तरी आत हलण्यासारखं काही राहत नाही. खोक्यावरचे "ही बाजू वर" हे बाण मी काढले खरे, पण लोडरने ते पाळावेत ही अपेक्षा ठेवून पॅकिंग करू नये.

कूलर काढण्याची एक पद्धत आहे. थंड मशीनवर कूलर सरळ वर ओढला, तर दोघांमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट प्रोसेसरला घट्ट धरून ठेवते. एएमडी प्रोसेसरांच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या पिना खाली असतात आणि सॉकेट त्यांना फक्त चिमटीत धरतं. त्यामुळे लॉक न उघडताच प्रोसेसर कूलरसोबत बाहेर येतो आणि पिना वाकतात. मी आधी एक व्हिडिओ रेंडरला लावला, दहाएक मिनिटं मशीन तापू दिलं, मग बंद करून प्लग काढला. स्क्रू सोडवून कूलर किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे फिरवला. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, एक ओलसर चिकट हिसका बसतो, आणि मग कूलर सहज उचलला जातो. कूलरचे स्क्रू काढल्यावर बोर्डमागची धातूची प्लेट मोकळी होऊन आत पडू शकते, म्हणून वरची प्लॅस्टिकची ब्रॅकेट परत लावून ती अडकवून ठेवा. लिक्विड कूलर असेल, तर तो काढायची गरज नाही. त्याचं वजन रेडिएटरमध्ये असतं आणि रेडिएटर कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रू केलेला असतो.

प्रोसेसर मी सॉकेटमध्येच ठेवला, आणि तुम्हीही ठेवा. तो काढून परत बसवला, की काही बोर्ड नवीन प्रोसेसर आल्यासारखं समजून सुरक्षा चिप रिसेट करू का असं विचारतात. घाईत हो म्हटलं आणि विंडोजची ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्याच कुलपाने) बंद असेल, तर रिकव्हरी की मागितली जाते. काहीही न काढतादेखील ती की कागदावर लिहून पाकिटात ठेवा. बॅकअपचं वेगळं सांगायला नको.

ग्राफिक्स कार्ड अँटीस्टॅटिक पिशवीत, वर फोम, आणि मग पाठीवरच्या सॅकमध्ये. एनव्हीएमई एसएसडी (डेटा साठवणारी छोटी पट्टी), रॅम आणि जुनी हार्ड डिस्कही सॅकमध्येच. हे सगळं मिळून तीन किलोच्या आत बसलं. कूलर खोक्यातच गेला, पण कॅबिनेटच्या बाहेर, वेगळ्या डब्यात. एसएमपीएस चार स्क्रूंवर तळाशी घट्ट बसलेला असतो, त्याला हात लावला नाही.

कॅबिनेटच्या पोकळीत आता फक्त बोर्ड आणि वायरी उरल्या. तिथे साधा बबल रॅप कोंबू नका, तो स्थिर वीज साठवतो. गुलाबी रंगाचा अँटीस्टॅटिक मिळतो, तो वापरा. मी तोच हलक्या हाताने भरला आणि मागच्या पॉवर सॉकेटवर कागद चिकटवला: "आधी आतला फोम काढ, मग प्लग लाव." हसू नका. नव्या घरी, दमलेल्या अवस्थेत, कोणीतरी हौसेने मशीन चालू करून बघतंच.

बाजूची टेम्पर्ड काच मी पुण्यातच ठेवली. ही काच सपाटीवर बराच मार सोसते, पण कोपऱ्याला ठेच लागली की चुरा होतो, आणि तो चुरा बोर्डवर पडलेला नको. तिच्या जागी जाड पुठ्ठा कापून बसवला. पुढे मैत्रीण गाडीने येणार होती, तिच्याकडून काच मागवली.

काय नेऊ नये तेही सांगते. यूपीएस नाही. आत शिशाची ॲसिडवाली बॅटरी असते, वजन अफाट आणि काउंटरवर वाद ठरलेला. धूळ उडवायचे हवेचे डबे नाहीत, पेस्ट पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल नाही, दोन्ही ज्वलनशील प्रकारात मोडतात. बंगळूरला ते कुठेही मिळतं. पॉवर बँक खोक्यात राहिली नाही ना, हे दोनदा बघा, ती फक्त हातातल्या सामानात चालते. मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल मात्र बसवलेला राहू द्या, त्याला कोणाची हरकत नसते. स्क्रूड्रायव्हर खोक्यात घाला, सॅकमध्ये सापडला तर तिथेच राहील.

लोहगाव विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आत काय आहे?" खरं तेच सांगितलं. तिने "नाजूक"चा टॅग लावला आणि त्यासोबत एका चिठ्ठीवर सही घेतली. ती चिठ्ठी वाचा. तुटलं-फुटलं तर कंपनीची जबाबदारी मर्यादित, असं त्यात असतं. तसंही देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीची भरपाई २० हजारांच्या मर्यादेत अडकते, म्हणजे माझ्या कार्डाची अर्धी किंमतही नाही. महागाचं हातात का घ्यायचं, ते यातच आलं.

खोका एक्स-रेतून पार होईपर्यंत काउंटरजवळच थांबा. आत संशयास्पद काही दिसलं, तर प्रवाशाला बोलावून उघडायला लावतात. म्हणून मी खोका टेपने ममीसारखा गुंडाळला नव्हता. फक्त वरची पट्टी, आणि टेपचा रोल सोबत.

सुरक्षा तपासणीत सॅक अडलीच. मी कार्ड आधीच वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं, तरी जवानाने पिशवीतल्या पंख्यांकडे बोट केलं. "मॅडम, ये क्या है?" "कंप्यूटर का ग्राफिक्स कार्ड." त्याने शेजारच्याला दाखवलं, तो म्हणाला, "गेमिंगवाला है," आणि विषय संपला. खरेदीचं बिल मोबाइलमध्ये होतं, ते दाखवायची वेळ आली नाही, पण असू द्यावं.

बंगळूरला बेल्टवर खोका आडवा आला. एक कोपरा आत गेलेला. बाहेर पडण्याआधी तिथेच बाजूला घेऊन उघडला. कॅबिनेटचा एक प्लॅस्टिकचा पाय मोडला होता, बाकी ठीक. तुमचं मोठं नुकसान दिसलं, तर विमानतळ सोडण्याआधीच कंपनीच्या सामान-काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि प्रत घ्या. घरी जाऊन फोटो पाठवू म्हणाल, तर पुढचं कठीण होतं. देवनहळ्ळीच्या विमानतळाहून शहर बरंच लांब आहे. विमानतळाच्या वायू वज्र बसमध्ये सामानाला जागा असते, पण खोका घेऊन मी टॅक्सीच केली.

सामानाचा कप्पा वर गार पडतो, त्यामुळे मशीन लगेच चालू केलं नाही, रात्रभर उघडं ठेवलं. बंगळूरच्या हवेत एवढं लागत नाही, पण जूनमध्ये मुंबई किंवा गोव्याला उतरणार असाल तर नक्की ठेवा, आत दव धरतं. सकाळी नवी पेस्ट, कूलर, रॅम, कार्ड. एएम५ (एएम४ नंतरचं सॉकेट) बोर्डवाल्यांनी पहिल्यांदा काही मिनिटं काळा पडदा दिसला तर घाबरू नये, रॅमची जुळणी चालू असते.

वेळ हाताशी असेल तर उद्यान एक्सप्रेस हा जास्त स्वस्त पर्याय आहे: खोका बर्थखाली, डोळ्यांसमोर, कोणी आपटणार नाही. आणि कॅबिनेट चार-पाच हजारांचं साधंच असेल, तर ते नेऊच नका. पुण्यात विका. बोर्ड त्याच्या मूळ खोक्यात घालून कपड्यांच्या बॅगेत मधोमध ठेवा, आणि नवं कॅबिनेट बंगळूरच्या एसपी रोडवरच्या संगणक बाजारात घ्या. जादा नगाचे आणि टॅक्सीचे पैसे धरले तर हिशेब जवळपास तोच येतो. माझा मॉनिटर मी तसाच विकून आले आणि यूपीएससोबत बंगळूरलाच नवा घेतला.