पाऊणपट

ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीचं बुकिंग भाचीने केलं आणि वेळ मिळाली दुपारी तीनची. भर उन्हात कोण जातं खाडीत, असं पुटपुटत मी सवयीने कॅलेंडर बघितलं, तर षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारच्या आसपास भरती, मग बरोबरच आहे, ओहोटीला बोट सोडली तर चिखलात रुतून बसायची.

ही पाऊणपट आजोबांची. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ, पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे. मी दोनच्या पाढ्यात अडखळायचे तेव्हा ते दाढी करता करता पाऊणकी म्हणायचे. ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला राहायचो आम्ही, सुट्टीत ओहोटी बघून ते मला खाडीवर न्यायचे, नेवट्या दाखवायला. टपोरे डोळे डोक्यावर घेऊन चिखलात टुणटुण उड्या मारणारा मासा बघून मी एकदा अशी पळाले की डावी चप्पल आतच राहिली. नवी कोरी, निळ्या पट्ट्याची. आजोबा शांतपणे म्हणाले, येईल भरतीबरोबर वर. आठवडाभर मी रोज विचारत होते, आली का?

असो. बोटीत केशरी लाइफ जॅकेटं घालून आम्ही सगळे सारखेच बावळट दिसत होतो. गाइड सांगत होता, २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, शेवाळ खाऊन गुलाबी होतात वगैरे. मग बोटवाल्या काकांनी इंजिन बंद केलं आणि नांगरबिंगर काही नाही, एक लांब बांबू चिखलात खुपसला, दोन्ही हातांनी पिळत पिळत, आणि बोट त्याला बांधून टाकली. एवढंच. मला ते फारच आवडलं.

आणि मग आवाज आला. हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगोच, एकदम पुटपुटत होते, लग्नात जेवणाच्या पंगतीतून येतो तसा. चोच उलटी करून, मान खाली घालून सगळे जेवतायत, पाणी चढेल तसे एकेक पाऊल मागे, आमच्या बाजूला सरकतायत. लांबून ठाणे-बेलापूर रोडवरचे हॉर्न, वर हायटेन्शनच्या तारा, पण का कोण जाणे, दोन्ही कुठल्या तरी दुसऱ्या गावातले वाटत होते. मोबाईल निघाले, एक बाई "अय्या" म्हणाल्या, त्यांना सगळ्यांनी श्श् केलं. मला फोटो काढता येत नाही, म्हणजे काढावासाच वाटत नाही, घरी येऊन कोण बघतं.

काठाशी तिवरांच्या मुळांत अजून जरासा चिखल उघडा होता. त्यात एक नेवटी दिसली, मग दुसरी. पाणी त्यांच्यापर्यंत आलंच होतं.

"आत्या, तिकडे काय बघतेस? फ्लेमिंगो इकडे आहेत."

"काही नाही गं," म्हटलं, आणि वळले. घड्याळात चार पंचवीस झाले होते.