मॅलाकाइट: दिसायला दगड, पण जीव नाजूक

माझ्याकडे मॅलाकाइटची एक अंगठी आहे, आणि बरीच वर्षं मी ती रोज घालायचे, भांडी घासताना, केस धुताना, कधीच काढायचे नाही. मग एक दिवस बघते तर वरची चकाकी पार गेलेली, दगड खडूसारखा फिकट दिसतोय. फार जीवाला लागलं. तेव्हापासून ह्या दगडाबद्दल वाचतेय ती अजून वाचतेच आहे.

तांब्याच्या भांड्यावर हिरवा कळंक चढतो ना, मॅलाकाइट त्याच्याच घरचा, म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. जमिनीत जिथे तांब्याचं खनिज असतं तिथे वरून पाणी आणि हवा झिरपत गेली की तांबं थोडं थोडं विरघळतं आणि मग फटींत, पोकळ्यांत थरावर थर साचत जातो. एकदा भिंगाखाली धरून बघाच, एक पट्टा काळपट हिरवा, त्याला चिकटून पोपटी, मग परत गडद, आणि छतावरून लोंबणाऱ्या सुळक्यासारखा वाढलेला तुकडा आडवा कापला की डोळ्यासारखी वर्तुळं. मला हे डोळेच सगळ्यात जास्त आवडतात!

१९व्या शतकात रशियातल्या उरल डोंगरांतून हा भरपूर निघायचा. सेंट पीटर्सबर्गच्या विंटर पॅलेसमध्ये मॅलाकाइटची अख्खी खोली आहे, १८३७ च्या आगीनंतर बांधलेली. पण तिथले खांब काही अखंड दगडाचे नाहीत, काही मिलिमीटर जाडीचे काप नक्षी जुळवून असे चिकटवलेत की सांधा दिसत नाही. केवढा पेशन्स लागला असेल! आता बाजारात येतो तो बराचसा काँगोचा.

आता माझ्या अंगठीचं काय झालं ते. कडकपणा मोह्स स्केलवर, म्हणजे खनिजांचा कडकपणा मोजायच्या १ ते १० च्या पट्टीवर, ३.५ ते ४, आणि साध्या धुळीत क्वार्ट्झचे (गारगोटीचे) कण असतात ते ७, म्हणजे कोरड्या फडक्याने पुसलं तरी चरे पडतात. आणि आंबट लावल्यावर तांब्याचं भांडं लख्ख होतं कारण ॲसिड तो कळंक खातं, मग ते ह्या दगडाला कसं सोडेल? व्हिनेगर, अमोनियावालं क्लीनर, परफ्यूम, घाम सगळ्यापासून लांब ठेवा. दागिने साफ करायचं अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफ तर नकोच नको. कोमट पाणी, अगदी सौम्य साबण, मऊ कापड, लगेच कोरडं करायचं आणि वेगळ्या पाउचमध्ये ठेवायचं, बस.

घेताना हातात धरून बघा, खरा दगड गार आणि आकाराच्या मानाने जड लागतो. प्लास्टिकचा हलका असतो आणि त्याचे पट्टे छापल्यासारखे एकसारखे दिसतात.

अंगठी शेवटी परत पॉलिश करून घेतली. कारागिराने पूर्ण वेळ पाणी सोडत, तोंडाला मास्क लावून घासली, कारण ह्याची कोरडी धूळ श्वासात जाणं वाईट. वरचा पांढुरका थर गेला आणि खालून तेच गडद पट्टे वर आले.