मशीन लावलंय ना?

"मशीन लावलंय ना, मग दोनदा का सांगावं लागतं?" कानाच्या मशीनवरून हे मला ऑफिसात विचारलं गेलंय, नणंदेने विचारलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं गेलंय. दर वेळी मी "सेल उतरलाय वाटतं" म्हणून वेळ मारून नेली. सेल बहुतेक वेळा नवा असतो. तुम्ही परवा पुन्हा विचारलंत म्हणून आज खरं ते सांगते.

चष्मा लावला की दिसतं, तसं मशीन लावलं की ऐकू येत असेल, असं तुम्हाला वाटतं. चष्म्यामागे डोळ्याचा पडदा शाबूत असतो. माझ्या आतल्या कानातल्या केसासारख्या पेशीच मेल्यात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ज्या उरल्यात त्यांच्यापर्यंत मशीन आवाज मोठा करून पोचवतं, बस. दोन्ही कानांना ६५ डेसिबलची तूट आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ७० झाली की कर्णबधिर. ६० ते ७० म्हणजे ऐकायला कमी येणारी. त्या मधल्या पट्ट्यात मी.

स्वर मला बरे येतात. स, श, त, क ही उंच पट्टीतली बारीक अक्षरं गळतात. तुम्ही "साठ" म्हणालात की मला "आठ" येतं, आणि मी हिशेबाच्या टेबलावर बसते! मग मी ओठ बघते. ओठांवर पान, भान आणि मान एकसारखेच दिसतात. कुठला शब्द ते बोलण्याच्या ओघावरून जुळवायचं, तोवर तुम्ही पुढच्या वाक्यावर गेलेले असता. डोक्यावरचा पंखा, चमच्यांचा खणखणाट, शेजारच्या टेबलावरचं हसणं, हेही मशीन मोठं करतंच. समोरचा आवाज वेगळा काढायची सोय त्यात आहे, पण ती चार हातांपर्यंत. तुम्ही दारातून हाक मारता आणि आत वळता. दोनदा सांगावं लागतं ते त्यामुळे.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं ठरवलंय, तर एप्रिल २०२१ सांगायलाच हवा.

अण्णा, माझे वडील, कोविड वॉर्डात होते. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. दुपारी डबा घेऊन मी दाराशी उभी राहायची आणि एक सिस्टर येऊन दोन वाक्यं सांगून जायची. तिच्या तोंडावर मास्क, त्यावर शील्ड. ओठ नाहीतच. मास्कने बारीक अक्षरं आणखी दबतात, म्हणजे माझ्या वाट्याला जे येतं त्यातलंही निम्मं गेलं. माझ्या मास्कची रबरं कानामागे मशीनवर चढायची. उजवं मशीन निसटेल म्हणून मी एक हात कानाशी धरून उभी होते. मागे स्ट्रेचर गेलं. ती काहीतरी बोलली. त्यातलं मला "अण्णा" आणि "कॉल" आलं. मला वाटलं, गरज पडली तर कॉल करू म्हणतेय. मी मान हलवली. "हो हो, चालेल," म्हटलं.

ती म्हणाली होती की अण्णांना तुमच्याशी बोलायचंय, सात वाजता व्हिडिओ कॉल लावून देते. ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर करायची ती अंघोळ मी केली. कान ओले, म्हणून मशीनं सिलिका जेलच्या डबीत. फोन ओट्यावर थरथरत राहिला. नंतर बघितलं तर अनोळखी नंबरावरून तीन मिस्ड कॉल. मी उलटा लावला, कुणी उचलला नाही.

अण्णा एकोणिसाव्या दिवशी घरी आले. आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एकदा चहा पिताना म्हणाले, "त्या दिवशी मी वाट बघितली. सिस्टर बिचारी फोन धरून उभी होती. मशीन लावलं नव्हतंस का गं?"

माझं पहिलं मशीन त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून घेतलं होतं. त्यांनीही तेच विचारलं.

बरीच वर्षं मी सगळ्यांना मास्कचं कारण सांगितलं. ते खोटं नाही. शील्ड होतं, गडबड होती, ती बाई दिवसभर तशीच उभी होती. पण ती बोलली तेव्हा दोन्ही मशीनं माझ्या कानांत होती, चालू होती. बोललेलं अक्षरांत उमटवणारं अ‍ॅप फोनमध्ये होतं, मराठीतही चालायचं. मी ते बाहेर काढलं नाही. "सिस्टर, ऐकू आलं नाही, इथे लिहून द्या," एवढं म्हणायचं होतं. कॉलेजात मशीन झाकायला केस वाढवणारी मुलगी तेव्हा चाळिशीला आली होती आणि अजून मानच हलवत होती.

मग माझाच मला राग येतो की सगळा दोष मीच का घ्यायचा? दर वाक्याला "काय?" विचारून बघा एक दिवस. तिसऱ्या "काय?"ला समोरच्याचा चेहरा बदलतो, "जाऊ दे, काही नाही" येतं, आणि ते "काही नाही" मात्र मला अगदी स्पष्ट ऐकू येतं. मान हलवणं मी तिथे शिकले. कोण चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता दवाखान्यात गेले की अ‍ॅप आधीच उघडून टेबलावर ठेवते. औषधांची नावं ते भलतीच लिहितं, तरी ठेवते. घरात मात्र नाही ठेवत.

गेल्या रविवारी जेवताना अण्णा काही म्हणाले. कुकरची शिट्टी चालू होती. मी हसून मान हलवली. त्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश विचारलं, "काय म्हणालो मी, सांग."

मला सांगता आलं नाही.